पेढे कधी वाटावेत

नवी नोकरी लागली आणि नेमके त्याच सुमारास दिवस गेले, तर सर्वात आधी माफी मागा. कोणाची, ते नंतर बघू.

मग मुहूर्त काढा. घरची वडीलधारी मंडळी सांगतात, तिसरा महिना उलटेपर्यंत वाच्यता नको. ऐका त्यांचं. चौथा लागला की साहेबांना सांगायला जा, म्हणजे ते म्हणतील, "आधी का नाही बोललीस?" मुलाखतीत बोलला असतात तर "आम्ही कळवतो" ऐकून घरी आला असतात. रुजू झाल्या झाल्या सांगितलंत तर फसवलं, प्रोबेशन संपल्यावर सांगितलंत तर लपवलं. योग्य वेळ नेहमी टळूनच गेलेली असते. ती कोणती होती हे फक्त साहेबांना ठाऊक असतं.

सकाळच्या स्टँडअप मीटिंगच्या आधी उलट्या उरकून घ्या.

ओढणी घ्या. मोठी घ्या.

आणि काळजी करून घ्यायला शिका, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी गेल्या मंगळवारी सांगितलं. "अरे वा, अभिनंदन!" म्हणत साहेबांची बोटं टेबलाखाली महिने मोजत होती. गुरुवारी कळलं, ज्या प्रोजेक्टसाठी मला घेतलं तो आता माझा नाही. माझ्याकडे जुन्या फायली नीट लावायचं काम. "तुझ्याच काळजीपोटी गं, या अवस्थेत ताण नको." डॉक्टरांनी मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यात, फायली नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमधून रोज दीड तास आदळत येते, त्या ताणाबद्दल साहेबांनी चकार शब्द काढला नाही. प्रोजेक्ट गेला शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाकडे. तोही बाबा होणार आहे. त्याच्याकडून साहेबांनी पेढे मागून घेतले, वर म्हणाले, "आता याची जबाबदारी वाढलीय, याला काहीतरी मोठं द्यायला हवं."

पोट त्याच्या बायकोचं वाढतंय, जबाबदारी त्याची!

अर्थात एकट्या साहेबांना कशाला बोल लावायचा? २०२२ च्या जानेवारीत भारतीय स्टेट बँकेचं परिपत्रक गाजलं होतं. नव्याने निवड झालेल्या बाईला दिवस जाऊन तीन महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ती 'तात्पुरती अपात्र', बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हा. बोंबाबोंब झाली आणि त्याच महिन्यात ते गुंडाळावं लागलं. बँकेने निदान लेखी तरी दिलं होतं. आमच्याकडे सगळं तोंडी, अभिनंदनासकट.

एचआरमध्ये गेलात तर हसतमुख राहा. तिथल्या मुलीने मला गोड आवाजात विचारलं, "मॅम, प्लॅन करूनच जॉइन झालात का?" प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं की रजा लागू होते, हा हिशेब मी केलाच नव्हता. तिनेच तो कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. इतकं काटेकोर नियोजन मला जमत असतं तर बाई, मी तुमच्या सगळ्या डेडलाइन पाळल्या नसत्या का?

पुरे झाले सल्ले. आता सरळ बोलते, साहेब.

रजा ही तुमची मेहेरबानी नाही. कायदा १९६१ मध्ये आला, २०१७ च्या दुरुस्तीत १२ आठवड्यांचे २६ झाले. त्याच दुरुस्तीत लिहिलंय की बाईला नोकरीवर घेतानाच या सवलतींची माहिती लेखी द्यायची. दिलीत? तुमच्या वेलकम किटमध्ये पाण्याची बाटली होती, वही होती, लॅपटॉपला चिकटवायचं स्टिकर होतं. तो एक कागद नव्हता. ५० माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, हेही त्यातच आहे. आपल्या एकट्या मजल्यावर दोनशे माणसं बसतात. पाळणाघर कुठाय? टेबल टेनिसचं टेबल मात्र आहे, त्यावर धूळ बसलीय. मुलाखतीत मला 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस' विचारलंत, आणि सव्वीस आठवड्यांनी तुमचा धीर सुटला? लाज वाटायला हवी. काम काढून घ्यायचंच असेल तर माझं काम वाईट आहे असं तोंडावर सांगा, माझ्या पोटाच्या आड लपू नका.

येत्या शुक्रवारी ॲनॉमली स्कॅन आहे, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी सोनोग्राफी. अर्ध्या दिवसाचा अर्ज सिस्टीमवर टाकलाय, चार दिवस 'पेंडिंग' दिसतोय. मंजूर करा.