हेवी ड्यूटी शिअर पिन म्हणे!

पाकिटावर ठळक अक्षरांत ‘हेवी ड्यूटी शिअर पिन’ छापलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं. अरे, जी वस्तू ठरलेल्या जोराला तुटण्यासाठीच बनवतात, ती हेवी ड्यूटी कशी असेल? किती जोराला तुटते ते छापा ना! ते कुठेच नाही. व्यास ८ मिलिमीटर, लांबी ५०, आणि खाली ‘उच्च दर्जाचे स्टील’. उच्च म्हणजे किती उच्च? माझ्या विंचला (ड्रमवर वायररोप गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला) ते चालणार आहे की नाही, हे मी काय पिनेला कानाशी लावून ऐकू?

ट्रकवरच्या पीटीओने (गिअरबॉक्समधून इंजिनाची ताकद बाहेर काढणाऱ्या जोडणीने) चालणाऱ्या विंचमध्ये ही पिन कुठे असते ते ज्यांनी खाली आडवं पडून बघितलंय त्यांना सांगायला नको. पीटीओकडून येणारा शाफ्ट विंचच्या वर्मला (ड्रम फिरवणाऱ्या आट्यांच्या गिअरला) जिथे जोडलेला असतो, तिथे योकमधून, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या जोडकड्यातून, आरपार ही एवढीशी पिन जाते. तिच्या दोन्ही अंगांना सगळा महागाचा मामला: वर्म गिअर, पीटीओ, ट्रकचा गिअरबॉक्स आणि वायररोप. या सगळ्यांच्या आधी हिने मरायचं, एवढीच हिची नोकरी. आणि ती नोकरी तिने चोख केली की लोक तिलाच शिव्या घालतात. ‘छ्या, कसली फालतू पिन, लगेच तुटली. एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा) बोल्ट टाक, परत तुटायची नाही.’ सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं म्हणून कोणी सांडव्यावर भिंत बांधतं का? इथे बांधतात, आणि वर शाबासकी मागतात.

या ‘एचटी टाक’वाल्यांनी एकदा तरी गणित करावं. ग्रेड म्हणजे बोल्टच्या मजबुतीचा आकडा. साध्या ४.६ ग्रेडच्या बोल्टची ताणशक्ती ४०० मेगापास्कल, ८.८ची ८००, १२.९ची १२००. कातरताना स्टील साधारण याच्या ६० टक्क्यांपर्यंत तग धरतं. शाफ्ट ४० मिलिमीटरचा, पिन ८ची आणि दोन जागी कापली जाणारी, असं धरा. ४.६ची पिन सुमारे ४८० न्यूटन मीटर पिळाला तुटते. ८.८ची ९६५ला. १२.९ची साडेचौदाशेला. म्हणजे तिप्पट! आणि डोकं कापून गुळगुळीत केलेल्या या तिन्ही पिना टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. तरी विकणारा खुशाल म्हणतो, ‘घ्या हो, सेमच आहे, उलट जास्त मजबूत.’ हे ‘उलट जास्त मजबूत’ ऐकलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

बरं, पिन तुटते ती नेहमी कमकुवत असते म्हणूनच, हे कोणी ठरवलं? विंचचा रेटेड ओढ हा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. ड्रम १२० मिलिमीटरचा आणि वायररोप १२चा असेल, तर पहिल्या थराला तो १३२च्या व्यासावर ओढतो आणि चौथ्या थराला जवळजवळ २०४च्या. वर्मवरचा पीळ तोच, पण ओढ एक तृतीयांशाहून जास्त घटलेली. आता समजा ४.६ची पिन अशी निवडलीय की उघड्या, एकच थर उरलेल्या ड्रमवर ६ टनांच्या ओढीला ती तुटावी. तीच पिन भरलेल्या ड्रमवर ४ टन व्हायच्या आतच जाणार. जाणारच! तो पिनेचा दोष नाही, भूमितीचा आहे. पण गाडी चिखलात पाच पावलांवर रुतलेली, वायररोप जेमतेम तेवढाच सोडलेला, ड्रम गच्च भरलेला, पिन तटकन तुटते आणि आमचे साहेब ८.८चा बोल्ट ठोकून मोकळे. त्या दिवशी गाडी निघते. सगळे खूश.

मग पुढच्या खेपेला गाडी लांब असते. वायररोप जवळजवळ सगळा सुटतो, ड्रमवर उरतो एकच थर. आता ती ‘मजबूत’ पिन तुटायला १२ टन लागणार. आणि १२ मिलिमीटरचा वायररोप तुटतो आठ-नऊ टनांच्या आसपास, तोही नवाकोरा असेल तर. गंजलेला, चिरडलेला, तारा बाहेर आलेला असेल तर त्याच्या कितीतरी आधी. मग आधी काय तुटणार? ताणलेला वायररोप तुटला की चाबकासारखा मागे येतो, आणि मधे कोण उभं आहे हे तो बघत नाही. एवढं सगळं एका बोल्टपायी.

साधा इलाज आहे. मागचा एखादा भक्कम आधार बघा, रुतलेल्या गाडीला स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणारी कप्पी) लावा, वायररोप दुहेरी करा. ड्रमवरचे थर आपोआप कमी होतात, वायररोपवरचा ताण निम्म्यावर येतो, पिन जागच्या जागी राहते. पण ब्लॉक काढायला टूलबॉक्स उघडावा लागतो ना! त्यापेक्षा पिन बदलणं सोपं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

क्लचवरून धाडकन पाय काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. वायररोप ढिला, इंजिन गुरगुरतंय, आणि एकदम झटका. वीस ग्रेडची पिन असती तरी गेली असती.

स्टेनलेसवाले हा आणखी एक पंथ. ‘गंजत नाही’ म्हणून ए२-७० हा स्टेनलेसचा बोल्ट लावतात. त्यातला ७० म्हणजे ७०० मेगापास्कल, म्हणजे साध्या ४.६च्या पावणेदोनपट. गंज वाचवला, गिअर घालवला. त्यानंतर आटेवाले. अख्ख्या लांबीला आटे असलेला बोल्ट घालतात आणि तो लवकर तुटतो म्हणून ओरडतात. एम८च्या आट्यांशी कामाचं क्षेत्रफळ उरतं ३६.६ चौरस मिलिमीटर, गुळगुळीत दांड्याशी ५०. आटे कापाच्या रेषेत आले की पिन तुमची नव्हे, नशिबाची. खाच पाडलेल्या पिनेचंही तेच. खाच कापाच्या रेषेवर नसेल तर ती नुसती शोभा. आणि ५/१६ इंचाची पिन ८च्या भोकात बिनबोभाट जाते, कारण ती ७.९४ मिलिमीटरची असते. तिच्या डोक्यावर ग्रेडच्या आकड्याऐवजी रेघा: एकही नसेल तर ग्रेड २, तीन असतील तर ५, सहा असतील तर ८. डोकंच कापलेलं असेल तर? बसा मोजत.

तुटलेली पिन काढणं ही वेगळीच शिक्षा. दोन टोकं योकमध्ये, मधला तुकडा शाफ्टच्या पोटात. योक फिरवत फिरवत भोकं जुळवायची, म्हणजे टॉर्च दातांत, एका हातात पंच, दुसऱ्यात हातोडी, आणि मानेवर टपटप ग्रीस. तुकडा नीट कापला गेला असेल तर सरळ निघतो. पण भोक आधीच लांबट झालेलं असलं की पिन कापली न जाता आधी वाकते, कडेला बर (धातूची उचललेली धार) येतो आणि तुकडा तिथेच रुतून बसतो. शिवाय ज्याने योकच्या आत ग्रीस कधी भरलंच नाही, त्याच्याकडे पिन तुटल्यावर योक मोकळा फिरतच नाही. शाफ्टला चावून बसतो आणि तसाच ओढत राहतो. मग पिन असली काय, नसली काय.

आणि मॅन्युअल? ‘केवळ मूळ पिन वापरावी.’ झालं. धातू कोणता, ग्रेड कोणता, किती पिळाला तुटावी, अवाक्षर नाही. मूळ पिन मिळायची बंद झाली की काय करायचं? चार आकडे योकवर कोरून ठेवले असते तर काय बिघडलं असतं?

याच्याही वर कडी करतात ते जुन्या मशीनचे आधीचे मालक. पिना तुटतात म्हणून यांनी भोकच ड्रिल करून १०चं केलेलं असतं. दोन मिलिमीटर वाढले, पण क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढलं. आता अशा विंचचे मालक मला विचारतात, ‘याला कुठली पिन बसेल?’ बसेल हो, १०ची कुठलीही बसेल. आधी त्या भोकात बुश (आत बसणारी नळी) घालून ते पुन्हा ८चं करा, मग माझ्याशी पिनेबद्दल बोला.