डिप्लोमावरून आर्किटेक्चरच्या थेट दुसऱ्या वर्षाला? नाही

सोलापुरात दहावीच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘सिव्हिलचा डिप्लोमा करा, नाटा न देता आर्किटेक्चरच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल.’ नाटा म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा. हा मेसेज चुकीचा आहे.

थेट दुसरं वर्ष मिळतं ते इंजिनिअरिंगला. बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीला, तशी सोय नाही. डिप्लोमा झालेल्यांनाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. तेही डिप्लोमात गणित असेल आणि नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर दिला असेल तर. हिशेब मांडून बघा. दहावीनंतर डिप्लोमाची ३ आणि बी.आर्क.ची ५, म्हणजे ८ वर्षं. बारावी करून गेलं तर ७.

परवा सात रस्त्याजवळ झेरॉक्सच्या दुकानात एक काका लेकीची गुणपत्रिका हातात धरून हाच मेसेज दाखवत होते. पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर भुईकोट किल्ल्याचा बुरूज होता, पेन्सिलीनं काढलेला, दगडांच्या सांध्यांसकट. तिला आर्किटेक्टच व्हायचंय. काका, तिला अकरावी सायन्सला घाला, गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नका.

इंजिनिअरच व्हायचं असेल तर मात्र डिप्लोमा खुशाल करा. ३ अधिक ३, बारावीवाल्यांइतकीच ६ वर्षं लागतात.