किडनी बसवायची आहे तिला, आणि तुम्ही रक्त चढवून राहिले!

डोकं फिरलंय आज, म्हणून स्पष्टच लिहितो. डायलिसिसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन जरा खाली आलं की "एक पीसीव्ही (लाल पेशींची रक्ताची पिशवी) लावून टाका" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला एकच विचारायचंय, या पेशंटचं ट्रान्सप्लांट व्हायचं आहे का हे विचारलं का हो तुम्ही? एवढा एक प्रश्न. पाच सेकंद लागत नाहीत त्याला.

माझी ताई डायलिसिसवर आहे. भाऊजी किडनी द्यायला तयार, ब्लड ग्रुप जुळला, आम्हाला वाटलं आता फक्त कागदपत्रं आणि कमिटीची परवानगी, झालं. आणि क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकत्र करून बघायची तपासणी, पॉझिटिव्ह आलं. म्हणजे ताईच्या रक्तात भाऊजींच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार बसल्या आहेत, अशात ती किडनी बसवली तर काही मिनिटांत-तासांत निकामी होऊ शकते. ही गोष्ट काल-परवा कळलेली नाही, १९६९ साली पटेल आणि टेरासाकी या दोघांनी दाखवून दिली, म्हणून तर जगभर ट्रान्सप्लांटच्या आधी क्रॉसमॅच करतात. मग अँटीबॉडी येतात कुठून? तीन ठिकाणांहून. आधीचं ट्रान्सप्लांट, गरोदरपण, आणि दुसऱ्याचं रक्त. ताईला दोन मुलं आहेत, मुलांमध्ये अर्धं भाऊजींचंच असते, त्यामुळे बायकोला नवऱ्याची किडनी देताना हा धोका आधीपासूनच असतो आणि हे कोणत्याही नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. अशा बाईला रक्त चढवलं की शरीरात जुनी आठवण असलेल्या पेशी परत जाग्या होऊ शकतात आणि अँटीबॉडी भराभर वाढू शकतात. म्हणजे जिच्या बाबतीत सगळ्यात जास्त सांभाळायला पाहिजे होतं तिलाच यांनी बाटलीवर बाटली लावली.

आणि कशासाठी? तिला छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता, कुठून रक्तस्राव नव्हता. ती खुर्चीवर बसून फोनवर मुलीला भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगून राहिली होती आणि ड्युटीवरचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर, लांबूनच हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघून म्हणतो, "सात पॉइंट आठ आहे, डायलिसिससोबतच लावून देऊ". पेशंटकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय किडनी गाइडलाइन आहे २०१२ ची, केडिगो म्हणतात तिला, त्यात साफ लिहिलंय की ज्यांचं ट्रान्सप्लांट होऊ शकते त्यांना शक्य तितकं रक्त टाळा, आणि तातडीची वेळ नसेल तर नुसत्या आकड्यावरून रक्त लावायचं ठरवू नका, पेशंटला त्रास काय होतोय ते बघा. मी डॉक्टर नाही, तरी मला हे माहीत आहे. त्यांना नसावं?

मी त्या रक्ताच्या मागणीच्या फॉर्मची झेरॉक्स मागून घेतली नंतर. कारण: अ‍ॅनिमिया. याआधी रक्त दिलं का: रिकामं. बाळंतपणं किती: रिकामं. खाली सही मात्र झोकात! अहो, तो रकाना छापलाय कशाला मग? कोणीतरी विचार करूनच छापला असेल ना?

बरं, किडनी पेशंटचं हिमोग्लोबिन कमी का होते हे काय गुपित आहे का. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन बनवते, किडनी गेली की तेही गेलं. त्याचं इंजेक्शन १९८९ पासून बाजारात आहे. सोबत शिरेतून आयर्न द्यायचं, आधी फेरिटिन आणि टीसॅट, म्हणजे शरीरात लोह किती आहे ते, तपासायचं. पण इंजेक्शनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि बाटली लावली की दुसऱ्याच दिवशी आकडा वर, सगळे खूश. ताईचं फेरिटिन शेवटचं कधी तपासलं विचारलं तर सिस्टर डॉक्टरकडे बघते, डॉक्टर फाइलकडे. डायलायझर, म्हणजे डायलिसिसचा रक्त गाळायचा फिल्टर, क्लॉट होतो, त्यात अडकलेलं रक्त वाया जाते, त्याची कुठे नोंद नाही. इंजेक्शन "स्टॉक संपला, बाहेरून आणा". बाहेर म्हणजे मे महिन्यातलं नागपूर, पंचेचाळीस डिग्री, आणि हे इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असते. धंतोलीतल्या मेडिकलवाल्यानं साध्या पन्नीत टाकून हातात दिलं, बर्फ मागितला तर म्हणे, "काही होत नाही भाऊ, इथंच तर जायचं आहे न". मी भांडलो, दुकानातले दहा लोक वळून बघायला लागले, बघू दे, जेल पॅक घेतल्याशिवाय मी तिथून हललो नाही. तापलेलं इंजेक्शन टोचायचं, मग ते लागू पडत नाही म्हणायचं, आणि मग रक्त चढवायचं. असं चाललंय हे सगळं.

सगळ्यात संताप आला तो ब्लड बँकेच्या काउंटरवर. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, कॅम्प होत नाहीत, रक्ताचा तुटवडा असतो ते मला मान्य आहे, आपल्या विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची किती लेकरं रक्तावर जगतात तेही माहीत आहे, त्यांना पहिलं मिळालंच पाहिजे. पण काउंटरवरचा माणूस भाऊजींना म्हणतो, "तुमचाच ग्रुप जुळते न, मग तुम्हीच देऊन टाका, पेशंटले घरचं ताजं रक्त लागलं का बरं असते". अरे बाबा, हाच माणूस किडनी देणार आहे तिला!! त्याचंच रक्त आधी तिच्या अंगात घालून त्याच्याच विरुद्ध अँटीबॉडी तयार करायच्या? मी मध्ये पडलो म्हणून तेवढं तरी टळलं. आणि "घरचं रक्त चांगलं" हे तर डोक्यातून काढूनच टाका. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला ओळखू येत नाहीत, त्या आत टिकून राहतात आणि त्याच्यावरच हल्ला करू शकतात, क्वचित होते पण झालं तर बहुतेक वेळा जीवच जातो. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर आधी त्या पिशवीला २५ ग्रेचं (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन देऊन घेतात. काउंटरवर हे विचारलं तर चेहरा कोरा.

फिल्टरचंही तेच. साध्या पिशवीत पांढऱ्या पेशी अब्जाच्या घरात असतात, ल्युकोरिड्यूस्ड, म्हणजे फिल्टरनं पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या पिशवीत ५० लाखांच्या खाली. त्यानं अँटीबॉडीचा धोका संपत नाही पण कमी होतो, पांढऱ्या पेशींतून येणाऱ्या सीएमव्ही व्हायरसचाही होतो, आणि तो व्हायरस ट्रान्सप्लांट झालेल्यांना किती छळतो ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच माहीत. ताईला लागलेल्या बाटल्या साध्याच होत्या. फिल्टरवाली मिळते हे सांगितलंच नाही कोणी, पैसे आम्ही भरले असते.

एका सिनियर डॉक्टरांनी तर मला ऐकवलं, "आमच्या काळात ट्रान्सप्लांटच्या आधी मुद्दाम रक्त द्यायचे". हो, द्यायचे. १९७३ मध्ये ओपेल्झ आणि टेरासाकी यांच्या अभ्यासात रक्त मिळालेल्यांच्या किडन्या जास्त टिकलेल्या दिसल्या होत्या म्हणून. मग ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं औषध आलं, तो फायदा जवळपास उरला नाही आणि अँटीबॉडीचा तोटा तेवढा राहिला. चाळीस वर्षं झाली साहेब त्याला.

रक्तस्राव होत असेल, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर रक्त द्याच, एक मिनिट थांबू नका, जीव राहिला तर किडनी. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

आता आमच्यापुढे काय आहे? प्लाझ्माफेरेसिस (मशीननं रक्तातल्या अँटीबॉडी काढणं) आणि आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून बनवलेलं, शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध) करून ताईच्या अँटीबॉडी कमी करा, खर्च लाखांत, खात्री नाही. नाहीतर स्वॅप, म्हणजे आमच्यासारखंच अडलेलं दुसरं जोडपं शोधा, कायद्यात २०११ च्या दुरुस्तीपासून सोय आहे पण अँटीबॉडी जितक्या जास्त तितकं जुळणं कठीण. नाहीतर झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या विभागीय समितीच्या, यादीत नाव टाकून वाट बघा, तिथंही तीच अडचण. तिन्ही रस्ते धरलेत आम्ही.

आणि परवा परत तोच तमाशा. नवीन आरएमओ, रिपोर्ट आठच्या खाली, "पीसीव्ही अरेंज करा". मी म्हटलं, आधी फाइल उघडा, पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय ते मोठ्यानं वाचा, आणि नेफ्रॉलॉजिस्टला फोन लावा, तोपर्यंत कोणी ब्लड बँकेत जाणार नाही. चिडला तो. चिडू दे. फोन लागला, आयर्न सुरू झालं, इंजेक्शनचा डोस वाढला, रक्त लागलं नाही.