पाव मिलिमीटरचा बाऊ

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्याला हमखास मिळणारा सल्ला असा: 'स्ट्रॅटचा नेक अरुंद, लेस पॉलचा रुंद. हात लहान असेल तर डोळे झाकून स्ट्रॅट घे. पटत नसेल तर नटची रुंदी बघ.' (स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार, लेस पॉल ही गिब्सन कंपनीची. नेक म्हणजे गिटारीचा लांब दांडा, नट म्हणजे त्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा जातात.)

बघू या की. आजच्या अमेरिकन स्ट्रॅटचा नट 42.8 मिलिमीटर, गिब्सन लेस पॉलचा 43.05. दोन-तीन कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते, तेवढा हा फरक. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटवर नट 42 असतो, तिथे एक मिलिमीटर वाचतो, हे कबूल. पण मग 1965 नंतरच्या काही वर्षांतल्या गिब्सन गिटारी काढा. त्यांचा नट जेमतेम 40!

फेंडरमध्येही सगळे नेक सारखे नव्हते. साठच्या दशकात नेकच्या बुडाशी रुंदीच्या अक्षराचा शिक्का असायचा: ए म्हणजे दीड इंच, बी एक इंच पाच सूत, सी पावणेदोन, डी एक इंच सात सूत. (आजचा 'सी शेप' म्हणजे नेकच्या पाठीचा गोलवा. त्याचा या सीशी काही संबंध नाही, तरी लोक दोन्हींची खिचडी करतात.)

मग लेस पॉलचा नेक हातात मोठा का वाटतो? जाडीमुळे. आयबानेझ कंपनीच्या विझार्ड नावाच्या नेकचा नटही 43चाच, पण पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) जाडी 17 ते 19 मिलिमीटर. पन्नाशीच्या दशकातल्या घडणीचा लेस पॉल नेक तिथे 22च्या पुढे जातो. रुंदी तीच, पण एक फूटपट्टीसारखा लागतो आणि दुसरा बॅटच्या मुठीसारखा.

लहान हाताचा खरा प्रश्न बोटं ताणण्याचा, आणि तिथे तर हा सल्ला उलटाच पडतो. स्ट्रॅटची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 648 मिलिमीटर, लेस पॉलची साधारण 628. त्यामुळे नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर लेस पॉलवर चारेक मिलिमीटरनी कमी भरतं. करंगळीला विचारा, ती पाव मिलिमीटर रुंदी मोजत बसणार नाही.

राहिला नटचा आकडा. तो नटची रुंदी सांगतो, तारा कुठे बसल्यात ते नाही. माझ्या गिटारीची पहिली तार व्हिब्रॅटो देताना, म्हणजे बोटाने तार हलवून सूर थरथरवताना, सारखी काठावरून खाली घसरायची. 'नेक अरुंद आहे' म्हणून मी ती विकायला काढली होती. दुरुस्तीवाल्या काकांनी नटवर व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) लावला आणि हसले. खाच पार कडेला कापलेली होती. त्यांनी हाडाचा नवा नट घासून बसवला, दोन्ही कडेच्या खाचा किंचित आत घेतल्या. नेकला हातही लावला नाही. गिटार अजून माझ्याकडेच आहे.