नोत्र दामचा ऑर्गन जळाला नव्हता

नोत्र दामवरच्या तुमच्या लेखात ‘आगीनंतर नवा ऑर्गन बसवला’ असं आलंय, तेवढं कृपया दुरुस्त करा. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधला मोठा ऑर्गन २०१९च्या आगीतून वाचला, पण शिशाच्या धुळीनं माखला. सुमारे ८००० नळ्यांपैकी बहुतेक उतरवून, साफ करून परत बसवल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये तो पुन्हा वाजला. ऐकताना डोळे भरून आले माझे!

आपल्या नाट्यसंगीतातल्या ऑर्गनमध्ये धातूच्या पातळ पत्त्या (रीड) वाजतात, इथे नळ्या. फ्रेंच ऑर्गन-कारागीर आरिस्तीद काव्हाये-कोल यांनी १८६८मध्ये नोत्र दामचा ऑर्गन नव्यानं घडवताना काही नळ्या झडपांच्या पेटीत ठेवल्या. पायानं झडपा उघडत गेलं की दबका सूर हळूहळू मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या भावनाप्रधान, ‘रोमँटिक’ संगीताला आवाजाचा हाच चढउतार हवा होता. त्यावर एक स्वतंत्र लेख नक्की लिहा.