खाचेतलं किटण

मोटरसायकलचं पुढचं चाक ढकललं तर फिरेना. गाडी म्हातारी, त्यात दोन-चार वर्षं एका जागी उभी. धरले असतील गुडघे, म्हणून मी कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकचा चकती आवळणारा जबडा, खोलायला बसलो. "तासाभराचं काम आहे," असं घरात जाहीरही केलं.

"म्हणजे रविवार गेला," ही म्हणाली. पुढे कळलं, तिचाही अंदाज कमीच पडला होता.

कॅलिपर पाइपलाच लटकता ठेवून ब्रेकचा लिव्हर दाबत राहिलं की आतले पिस्टन, म्हणजे चकतीवर दाब देणारे दट्टे, बाहेर सरकतात. दोनपैकी पहिला निमूट आला. दुसरा धरणं धरून बसला. मग पहिल्याला लाकडाच्या ठोकळ्याने अडवलं आणि पुन्हा लिव्हर. आला एकदाचा, पण येताना काळपट ब्रेक ऑइल घेऊन, थेट माझ्या शर्टावर. कौतुकाने मी गाडीच्या टाकीवर थाप मारली. ही थाप लक्षात ठेवा.

या द्रवाला ऑइल म्हणणं हीच मुळात फसवणूक. डॉट ३, डॉट ४ या त्याच्या प्रती म्हणजे तेल नव्हे, ग्लायकॉलच्या जातीची रसायनं; आणि हवेतला ओलावा ओढून घ्यायची त्यांना भारी हौस. नवंकोरं डॉट ४ निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा भरला की हीच हद्द १५५पर्यंत घसरू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, म्हणतात. मी शेवटचं कधी बदललं होतं हे आठवायला लागलो आणि लगेच थांबलो.

सील काढलं आणि मूळ दुखणं दिसलं. पिस्टन मागे ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. चौकोनी कडांचं ते रबरी सील ब्रेक दाबला की किंचित पीळ खातं, सोडला की सरळ होतं आणि तेवढंच पिस्टनला मागे घेतं. पण सीलच्या मागे खाचेत पांढरं किटण साचलेलं: ॲल्युमिनियमचा गंज आणि वाळलेलं ऑइल, दोघांचा सुखी संसार. त्याने सील आतून पुढे रेटलं होतं आणि सीलने पिस्टनचा गळा धरला होता.

"रॉकेलात बुडवून ठेव रात्रभर," शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले. काकांचा सल्ला नेहमी रॉकेलातूनच येतो. नवं सील त्या रॉकेलाच्या अंशानेही फुगून बसलं असतं. मी मान डोलावली आणि ब्रेक क्लीनर फवारला. किटणाने अंघोळ केली आणि तिथेच बसलं.

पोलादी टोकाने खरवडावं तर मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा, आणि तिथून गळतीची भीती. लाकडाच्या काड्या तासल्या, सतरा मोडल्या. शेवटी जुन्या टूथब्रशच्या दांड्याला पटाशीसारखी धार काढली, डोक्याला टॉर्च बांधला आणि वाकून कोरत बसलो. खाच अंगठीएवढी गोल, किटण नखाच्या टोकाएवढं, आणि दर दहा मिनिटांनी एक खपली टुचकन उडून चष्म्यावर. कधीतरी माझ्या तोंडून निघून गेलं, "वेळच्या वेळी स्वच्छता ठेवली असती तर ही वेळ आली नसती." हुबेहूब माझ्या दातांच्या डॉक्टरांचा सूर. कॅलिपरनेही तेव्हा माझ्यासारखाच आ वासलेला होता.

सोमवारी संध्याकाळी नवी सीलं बसली. हिने लिव्हर धरला, मी ब्लीड निप्पल, म्हणजे पाइपातली हवा बाहेर सोडायची तोटी.

"दाब. धरून ठेव... सोड."

"अहो, मघाशी सोड म्हणालात तेव्हा सोडायचं होतं की धरायचं होतं?"

त्या एका प्रश्नासाठी आम्ही सगळी हवा पुन्हा काढली. पण नंतर चाक एका बोटाने गरगरा फिरलं. मी पुन्हा थाप मारणार, तोच हिने माझा हात वरच्या वर धरला. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवावं लागतं, हे मला पाठ होतं. टाकीवर रविवारच्या थापेचे पाचही बोटांचे फोड स्पष्ट उमटले होते. अंगठ्याच्या तर रेषासुद्धा.