आधी ठरवा, मग बघा

काय हो, तुम्ही अजून आधी बघता आणि मग मत बनवता? कसं व्हायचं तुमचं. उलटं करा. मत आधी, डोळे नंतर, डोक्याला ताप नाही आणि "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायला जन्मभराचा स्टॉक.

सुरुवात मांजरापासून करा, सोपं पडतं. मांजर आडवं गेलं आणि बस चुकली तर ते नीट लक्षात ठेवायचं, ऑफिसात चार जणांना सांगायचं. मांजर आडवं गेलं आणि बस मिळाली, वर खिडकीची सीटही मिळाली, तर ते मांजर गेलंच नव्हतं. दहा वर्षांत एवढा पुरावा जमतो की बोलायचं काम नाही.

हात बसला की पुढची इयत्ता. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस, आठवतोय ना? दिल्लीपासून लंडनपर्यंत मंदिरांबाहेर रांगा, सगळ्यांच्या हातात दूध आणि सगळ्यांची नजर चमच्यावर. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी व्हायचं, अगदी डोळ्यांदेखत. मग शास्त्रज्ञ आले, त्यांनी दुधात रंग टाकला आणि दाखवलं की पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातंय आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतंय. आता मला सांगा, खाली बघायला कोण गेलं होतं तिथे? दर्शनाला गेलेल्या माणसाने वर बघायचं असतं. फरशी पुसणाऱ्याला विचारलं असतं तर कळलं असतं म्हणा, पण त्याला कोण विचारतो.

बघण्याचं झालं, आता चवीचं. ऑगस्ट २००६, माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला. लोक बाटल्या भरून घेऊन गेले, पोराबाळांना पाजलं. भर पावसाळा, नदीनाल्यांचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, हे सगळं नंतर. मुद्दा असा की जी नदी तिथे येऊन मिळते तिचं नावच मिठी, आणि ती सोबत काय काय आणते ते मुंबईत कुणाला सांगायला नको. ते प्लास्टिक, तो वास, सगळं बाजूला सारून फक्त गोडवा तेवढा उचलायचा, याला जिभेवर ताबा लागतो राव.

आणि हे अडाण्यांचं काम आहे असं समजून गालात हसू नका. १९९९ साली हार्वर्डच्या सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग छापून आला, लोकांना एक व्हिडिओ दाखवायचा आणि बॉल किती वेळा पास होतो ते मोजायला लावायचं. मधेच गोरिलाचा ड्रेस घातलेलं माणूस येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. साधारण निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही! तेव्हा घरातला गोरिला दिसू नये असं वाटत असेल तर काहीतरी मोजत बसा. शेजाऱ्यांकडे दिवसाला किती पार्सलं येतात ते मोजा, चांगला वेळ जातो.

घरातल्यांसाठी तर आपल्या आज्यांनी फॉर्म्युला केव्हाच देऊन ठेवलाय, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जावई भांडी घासतो तो गुणी, मुलगा घासतो तो बायकोच्या ताटाखालचं मांजर. (परत मांजरच. बिचारं.)

स्वतःचा अनुभवही सांगतो, म्हणजे नुसता उपदेश नको. आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. मी त्याच दिवशी ठरवलं, वरचे भाडेकरू. बॅचलर पोरं, रात्री दोनला आंघोळी करतात, अजून काय पुरावा पाहिजे? त्यांच्याकडे नळ सुरू झाला की ओल वाढताना मला दिसायची. मे महिन्यात पोरं महिनाभर गावी गेली तेव्हाही वाढत होती, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही. चार महिने भांडलो, सोसायटीला तीन पत्रं दिली. शेवटी प्लंबर बोलावला, त्याने भिंत फोडली आणि म्हणाला, साहेब, तुमच्याच गिझरचा पाइप लीक आहे.

मी काही बोललो नाही. वर जाऊन त्या पोरांकडे चहा पिऊन आला असणार, मला तो दारात आला तेव्हाच दिसलं होतं. दुसरा प्लंबर बघतोय.